फळ्यावरचा डावा हात

दहावीच्या भूमितीत वर्तुळाचं प्रकरण चालू होतं. फळ्याच्या वरच्या भागात स्पर्शिका काढायची म्हणून उजवा हात उचलला, तो खांद्याच्या रेषेपर्यंत आला आणि तिथंच अडला. दुखत तर होताच, पण दुखणं सोसून रेटावं म्हटलं तरी वर जाईना, आतून कुणी कडी घातल्यासारखा. मग ती स्पर्शिका मी वर्तुळाच्या खालच्या बाजूला काढली. भूमितीचा हा एक फायदा आहे. स्पर्शिका कुठूनही काढा, स्पर्शबिंदूतल्या त्रिज्येला ती लंबच असते.

त्याआधी बरेच दिवस लहानसहान गोष्टी अडत होत्याच. वेणी घालताना हात मागं जात नव्हता, एसटीत वरची दांडी धरवत नव्हती, रात्री उजव्या कुशीवर वळलं की जाग यायची. डॉक्टरांनी कोपर अंगाला टेकवून हात बाहेरच्या बाजूला फिरवून पाहिला, मग पाठीमागं नेऊन अंगठा कुठवर पोचतो ते बघितलं. माझा कमरेच्या वर जात नव्हता. 'फ्रोझन शोल्डर' म्हणाले. खांद्याच्या सांध्याभोवतीचं आवरण जाड होतं, आकसतं आणि हाडाला फिरायला जागाच उरत नाही. बहुतेकांना चाळिशी ते साठीच्या दरम्यान होतं, बायकांना जरा जास्त, मधुमेह असेल तर आणखी जास्त. माझ्याकडे तिन्ही दाखले तयार होते.

या दुखण्याचे तीन टप्पे. आधी खांदा दुखत दुखत आखडतो, मग दुखणं कमी होतं पण आखडलेलाच राहतो, आणि शेवटी हळूहळू सुटतो. सगळं मिळून वर्ष ते तीन वर्षं. इंजेक्शन घेतलं, फिजिओकडे जायला लागले. कमरेत वाकून हात लोंबता सोडायचा आणि झुलवायचा, भिंतीवर बोटांनी पायरी पायरी चढायचं आणि जिथवर पोचाल तिथं पेन्सिलीनं खूण करायची. पण दहावीचा वर्ग माझा खांदा सुटेपर्यंत थांबणार नव्हता. वर्गात टीव्ही नाही, तो संगणक कक्षात, आणि तिथं वीज असेल तेव्हाच. मुलांना फळ्यावर बोलावून लिहायला लावणं एक-दोन तास ठीक, पण सिद्धता लिहिताना मुलाच्या पुढच्या ओळीची वाट बघायची म्हणजे प्रकरण मार्चपर्यंत संपायचं नाही. फक्त खालच्या निम्म्या फळ्यावर लिहावं, तर मागच्या बाकांवरून पुढच्यांची डोकीच दिसतात. उरला डावा हात.

इथं एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. कोपर अंगाशी ठेवून करायची कामं माझा उजवा हात आरामात करत होता. टेबलावर वही तपासणं, सही करणं, पोळी लाटणं, सगळं चालू होतं. अडत होतं ते फक्त उंचावर. त्यामुळे डाव्या हातानं मला जगातलं सगळं शिकायचं नव्हतं. फळ्यापुरतं शिकायचं होतं.

तोवर डाव्या हाताशी माझा संबंध धरून ठेवण्यापुरताच होता. उजवा काम करतो, डावा नारळ धरतो, वही दाबतो, पिशवी उचलतो. कोणता हात किती वापरता हे मोजायची एक जुनी प्रश्नावली आहे, 1971 साली ओल्डफील्ड नावाच्या मानसशास्त्रज्ञानं केलेली, एडिंबरोच्या नावानं ओळखली जाते. लिहिणं, चित्र काढणं, फेकणं, कात्री, दात घासणं, सुरी, चमचा, काडी ओढणं, डब्याचं झाकण उघडणं आणि झाडू, अशी दहा कामं. उत्तरांवरून उणे शंभर ते अधिक शंभर असा अंक काढतात. झाडूच्या प्रश्नात त्यांनी विचारलंय की वरचा हात कोणता. त्यांचा झाडू उभ्यानं दोन्ही हातांनी धरायचा. आपल्या केरसुणीला वरचा हात नि खालचा हात कुठला? तो प्रश्न मी सोडून दिला आणि बाकी सगळीकडे निमूटपणे 'उजवा' लिहिलं.

सुरुवात शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात केली. पहिला अनुभव अक्षराचा नव्हे, आवाजाचा. खडू इतका किंचाळला की बाहेर शिपाईमामा थांबून आत डोकावले. कारण पुढं कळलं. उजव्या हातानं आपण डावीकडून उजवीकडे लिहितो तेव्हा खडू ओढला जातो, त्याचं टोक मागून फरफटत येतं. डाव्या हातानं त्याच दिशेला लिहायचं तर खडू ढकलावा लागतो, टोक पुढं खुपसत जातं. ते अडतं, सुटतं, पुन्हा अडतं, आणि त्या थरथरण्याचा आवाज होतो. त्यात खडू लांब असेल तर कडकन मोडतो. त्यावर इलाज सोपा. खडू आधीच अर्धा मोडून घ्यायचा आणि फळ्याशी जवळजवळ आडवा धरायचा.

पण देवनागरीत खरा घोळ शिरोरेषेचा आहे. अक्षरं लहान लहान तुकड्यांची असतात, ती कशीही रेटता येतात. शब्दावरची लांब आडवी रेघ मात्र डाव्या हातानं डावीकडून उजवीकडे ढकलत न्यायची म्हणजे ती नागमोडी जाणारच, आणि मध्ये एकदा तरी खडू उडी मारणारच. मी आधी अक्षरं लिहायची आणि रेघ शेवटी उजवीकडून डावीकडे ओढायची असं सुरू केलं. रेघ एकदम सरळ आली. लिहून झालेला शब्द बघणाऱ्याला ती कुठून कुठं ओढलीय हे कळायचं काही कारण नाही.

आमचे इतिहासाचे सर हे ऐकून म्हणाले, "गांधीजींनीपण डाव्या हातानं लिहिलंय की, बाई." खरं आहे. 1909 साली लंडनहून दक्षिण आफ्रिकेला परत जाताना 'किल्डोनन कॅसल' बोटीवर त्यांनी 'हिंद स्वराज' लिहिलं. हस्तलिखिताची पानं 275, त्यातली चाळीसेक डाव्या हातानं, उजवा दमला म्हणून. सरांना म्हटलं, त्यांचं बरं होतं, ते गुजरातीत लिहीत होते. गुजरातीला शिरोरेषा नाही.

वर्गात पहिल्यांदा डाव्या हातात खडू घेतला तेव्हा एक-दोघं हसली, बाकीच्यांनी माना वाकड्या करून बघितलं. आमच्या वर्गात क्रिकेटवाल्यांचा एक बाक आहे, तिथून आवाज आला, "बाई, अंपायरला सांगितलं का?" त्यामागं संदर्भ होता. गोलंदाज उजव्या हातानं टाकणार की डाव्या, हे पंचाला आधी कळलं पाहिजे आणि पंचानं ते फलंदाजाला सांगायचं, असा नियमच आहे. आणि विदर्भाचा अक्षय कर्णेवार दोन्ही हातांनी फिरकी टाकतो हे त्या बाकाला तोंडपाठ होतं. 2021 मध्ये मुश्ताक अली स्पर्धेत मणिपूरविरुद्ध त्यानं चार षटकं टाकली, चारही निर्धाव, दोन बळी, धावा शून्य, हेही त्यांनी मला त्याच तासाला ऐकवलं. त्रिकोणाच्या समरूपतेच्या कसोट्या मात्र त्यांना आठवत नाहीत.

मला खरं शिकवलं ते आठवीतल्या एका डावखुऱ्या मुलीनं. मी लिहीत होते आणि ती डस्टर घेऊन बाजूला उभी होती. जरा वेळानं म्हणाली, "बाई, तुम्ही उजव्या हातासारख्याच उभ्या राहताय." मी थांबले. "मग कशी राहू?" "इकडं या ना. अक्षराच्या पुढं." तिनं मला दंडाला धरून चक्क दोन पावलं उजवीकडे सरकवलं.

उजव्या हातानं लिहिणारा माणूस आपल्या अक्षराच्या डावीकडे उभा असतो, म्हणजे जे आत्ताच लिहिलं तेच अंगानं झाकतो. बाजूला होईपर्यंत वर्गाला दिसत नाही. म्हणून तर वर्षानुवर्षं "बाई, सरका" ऐकायची सवय झालेली. डाव्या हातानं लिहिणाऱ्यानं अक्षराच्या उजवीकडे उभं राहायचं, कोऱ्या फळ्यापुढं. लिहिलेलं सगळं मागं उघडं राहतं आणि आपण ओळीबरोबर उजवीकडे सरकत जातो. सिद्धता लिहिताना हा केवढा फरक आहे! मागच्या बाकावरचा मुलगा 'पक्ष'पासून 'साध्य'पर्यंत माझ्याबरोबर वाचत येतो. इतकी वर्षं मी मुलांच्या आणि फळ्याच्या मध्ये उभी होते असं म्हणायला हरकत नाही.

तिनं आणखी एक सांगितलं. तळहात फळ्याला टेकवायचा नाही. डाव्या हाताला लागूनच ताजं अक्षर असतं, हात टेकला की पुसलं जातं. वहीत तिला हा रोजचा ताप, करंगळीची कड कायम निळी. फळ्यावर हात अधांतरी ठेवता येतो. म्हणूनच डाव्या हाताला फळा वहीपेक्षा सोपा, असं माझं मत झालंय. वहीत बोटांचं बारीक काम लागतं आणि न शिकलेल्या हाताची बोटं आडमुठी असतात. फळ्यावरचं अक्षर मोठं, ते खांद्यातून आणि कोपरातून निघतं, आणि तेवढी अक्कल डाव्या खांद्याला जात्याच असते.

त्या मुलीचा बाक तेव्हाच बदलला. दोघींच्या बाकावर ती उजवीकडे बसायची, शेजारणीच्या उजव्या कोपराला तिचं डावं कोपर अडायचं आणि दोघीही त्रासलेल्या. तिला डाव्या टोकाला बसवलं. शाळेत दर दहांतलं एखादं मूल डावखुरं असतंच. शिक्षकांनी निदान एवढं तरी बघावं.

अक्षरांचं म्हणाल, तर त्यांचे स्वभाव वेगवेगळे निघाले. 'ठ' पहिल्याच दिवशी जमला, तो गोलच आहे. 'प', 'ग', 'म' लवकर आले. 'व' आणि 'क' यांनी छळलं. उजवा हात गोल काढताना घड्याळाच्या उलट जातो, डावा आपखुशीनं घड्याळाप्रमाणे जातो. नुसतं वर्तुळ काढायचं असेल तर कुठूनही गेलं तरी चालतं, उलट माझं डाव्या हाताचं वर्तुळ उजव्यापेक्षा बरं येतं असं मुलं सांगतात. पण 'व'चा गोल उलट दिशेनं निघाला की दांडी कुठं द्यायची तेच सुचेना. हाताला दर वेळी वळवून आणावं लागायचं. पहिलीच्या मुलांसारखी मी रात्री दुरेघी वही नव्हे, पण स्वयंपाकघराच्या दारामागं टांगलेल्या जुन्या फळीवर 'व' गिरवत बसायचे. नवरा म्हणायचा, दहावीचा निकाल लागेपर्यंत तू पहिली पास होशील.

साधारण दिवाळीच्या सुट्टीनंतर एक गंमत लक्षात आली. सहकारी शिक्षिका माझ्यानंतर त्या वर्गावर आल्या आणि फळा न पुसता लिहिलेलं बघत उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "हात बरा झाला का?" तो डाव्या हातानं लिहिलेला फळा होता. माझ्या 'ळ'ची शेपटी लांब जाते, वेलांटी जरा पुढं झुकते, बेरजेच्या चिन्हाची उभी रेघ आडवीपेक्षा छोटी. हे सगळं डाव्या हातात जसंच्या तसं उतरलं होतं. मी त्याला शिकवलं नव्हतं. मी शिकवत होते खडू न मोडणं आणि 'व' न उलटवणं. निकोलाय बर्नस्टाइन या रशियन शास्त्रज्ञानं गेल्या शतकात हालचालींचा अभ्यास करताना हेच मांडलं होतं. अक्षराचा आराखडा कोणत्या एका स्नायूच्या नावावर नसतो. माणूस वहीत बोटांनी लिहो की फळ्यावर पूर्ण हातानं, वळण त्याचंच राहतं.

घरी मात्र डाव्या हाताला फळ्याइतका मान मिळाला नाही. खांदा भर दुखण्यात असताना गौरी-गणपती आले. वरच्या फळीवरचा डबा काढणं, आरतीचं ताट उंच धरणं, मखराला माळ लावणं, सगळं डाव्यानं. आईंचा, म्हणजे सासूबाईंचा, आक्षेप या कशालाच नव्हता. आक्षेप होता तो प्रसादाला. मी ओळीनं उभ्या बायकांना डाव्या हातानं साखरफुटाणे देऊ लागले, कारण वाटी उजव्यात होती. आई काही बोलल्या नाहीत. शांतपणे आल्या, वाटी माझ्या डाव्या हातात दिली आणि उजवा हात धरून वाटीत घातला. मी तशीच वाटत राहिले, कोपर अंगाला टेकवून. नाहीतरी प्रसाद द्यायला खांद्याच्या वर हात न्यावा लागत नाही, त्यामुळे वादाला जागा नव्हती.

आणखी एक अडचण कुणी सांगितली नव्हती. पदर डाव्या खांद्यावर असतो. डावा हात वर करून लिहिलं की पिन ताणली जाते आणि खडूची सगळी भुकटी पदरावर. पहिल्या आठवड्यात दोन साड्या पांढऱ्या झाल्या. मग पदर कमरेला घट्ट खोचून, वरून ड्रॉइंगच्या बाईंचा जुना एप्रन घालून शिकवायला लागले. मुख्याध्यापकांनी एकदा बघितलं आणि तोंड दुसरीकडे वळवलं.

सगळ्यात मजा आली ती दोन्ही हात एकदम वापरण्यात. हे शाळेत ठरवून नाही झालं. उजवा हात छातीच्या उंचीपर्यंत चालत होता, डावा तर चालत होताच, म्हणून एकदा सहावीला सममिती शिकवताना मधोमध उभी रेघ मारली आणि दोन्ही हातांत खडू घेऊन एकाच वेळी फुलदाणीच्या दोन्ही कडा काढल्या. काही विचार न करता दोन्ही बाजू सारख्या आल्या. मुलं टाळ्या वाजवायला लागली. मग पान, मग फुलपाखरू, मग रांगोळीतला गोपद्माचा पट्टा. सममिती अक्ष म्हणजे काय ते पुस्तकातल्या व्याख्येनं जितकं कळत नाही तितकं या एका तासात कळलं.

मग एका मुलीनं विचारलं, "बाई, आकडे काढता येतील?"

छत्तीस सहज निघाला. डाव्या हातानं ३, उजव्या हातानं ६, दोघांच्या पाठी एकमेकांकडे. शेपटीचा बारीकसा फरक सोडला तर हे दोन आकडे एकमेकांची आरशातली प्रतिमा आहेत, आणि हातांना आरशातल्या हालचाली आवडतात. दोघं एकाच वेळी आत येतात, एकाच वेळी बाहेर जातात. लोक छत्तीसचा आकडा भांडणासाठी वापरतात, पण माझ्या दोन हातांचं इतकं पटलेलं मी दुसऱ्या कुठल्या आकड्यावर पाहिलं नाही. पुढं त्रेसष्ट काढला, तोही आला.

"आता तेहतीस," ती म्हणाली.

तेहतीस येईना. दोन्ही हातांनी एकाच दिशेनं ३ काढायचा होता, दोन्हींच्या पाठी उजवीकडे. पहिल्या वळणापर्यंत दोघं बरोबर गेले, दुसऱ्या वळणावर डाव्यानं पलटी मारली आणि त्याचा ६ झाला. पुन्हा केलं, तेव्हा उजव्याचा ६ झाला. हळू काढला तर जमतो, जरा वेग घेतला की एक हात दुसऱ्याचा आरसा होतो. तुम्ही बसल्या जागी करून बघा. दोन्ही तर्जन्या टेबलावर ठेवा आणि दोन्ही एकाच दिशेला, डावीकडे, उजवीकडे, अशा हलवा. वेग वाढवत न्या. काही सेकंदांत त्या आपोआप आत-बाहेर, आत-बाहेर हलायला लागतात. स्कॉट केल्सो या शास्त्रज्ञानं 1980 च्या दशकात हेच प्रयोग मोजमाप करून केले. उलट मात्र होत नाही, आत-बाहेर हलणारी बोटं वेग वाढला म्हणून एका दिशेला लागत नाहीत. दोन हातांना दोन वेगळी कामं एकाच वेळी देणं हे दोन्ही हात तरबेज असण्यापेक्षा फार निराळं आहे. तबला-डग्गा वाजवणाऱ्याला हे माहीत असतं. पेटी शिकलेल्यांना तितकं नाही, कारण आपल्या पेटीत एक हात भात्याला लागतो.

हा तास कुणीतरी मोबाईलवर टिपला आणि तो पालकांच्या गटात गेला. मग सुरू झालं. एका पालकांनी मध्य प्रदेशातल्या सिंगरौली जिल्ह्यातल्या त्या शाळेचा व्हिडिओ पाठवला, जिथं मुलं दोन्ही हातांनी एकदम लिहितात. दुसऱ्यांनी विचारलं, आमच्या मुलाला शिकवाल का, मेंदूच्या दोन्ही बाजू चालू होतात म्हणे. शहरात याचे वर्ग निघालेत, फीही तशीच दणदणीत आहे.

मी सांगितलं ते असं. मेंदूच्या दोन्ही बाजू सगळ्यांच्याच चालू असतात, त्यासाठी फी लागत नाही. ही हौस नवीनही नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये जॉन जॅक्सन नावाच्या गृहस्थांनी दोन्ही हात तयार करण्यासाठी संस्थाच काढली होती. त्यांचं स्वप्न असं की एक हात पत्र लिहील आणि त्याच वेळी दुसरा पियानो वाजवेल. त्या गृहस्थांनी माझ्यासारखा तेहतीस काढून बघायला हवा होता. आणि जन्मतः कोणताच हात पक्का नसलेल्या मुलांचं सगळं छान असतं असंही नाही. उत्तर फिनलंडमधल्या जवळपास आठ हजार मुलांचा अभ्यास 2010 मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात दोन्ही हात मिसळून वापरणाऱ्या मुलांमध्ये भाषेच्या आणि शाळेतल्या अडचणी जास्त आढळल्या. याचा अर्थ दोन हात वापरल्यानं अडचण येते असा नाही. पण दोन हात म्हणजे दुप्पट हुशारी, हे गणित कुठंच सुटत नाही. ज्याचा जो हात आहे तो त्याला वापरू द्या. सचिन तेंडुलकर डाव्या हातानं सही करतो आणि उजव्या हातानं फलंदाजी करायचा, त्याला कुणी वर्ग लावला नव्हता. त्या पालकांना उत्तर आवडलं नाही. वर्ग लावलाच. असो.

माझ्यापुरतं सांगायचं तर दोन्ही हात सारखे झालेत असं मी म्हणणार नाही. कागदावर डाव्या हातानं लिहून बघितलं, उत्तरपत्रिकेवर गुण द्यायचा प्रयत्न केला, आणि ते गुण बघून वाटलं, पेपर मुलानंच तपासलाय. फळ्यावरची विद्या टेबलावर उतरली नाही. कात्री तर डाव्या हाताला कापतच नाही. आपल्या कात्रीची पाती उजव्या हाताच्या दाबानं एकमेकांना घट्ट लागतात, डाव्या हातात तीच पाती एकमेकांपासून लांब ढकलली जातात आणि कागद मध्ये दुमडतो. हा दोष हाताचा नाही, कात्रीचा. डावखुऱ्यांची कात्री वेगळी मिळते, पण प्रदर्शनाच्या पताका कापायला ती मागवायची इतकी हौस नव्हती. पट्टीचंही तेच. डाव्या हातानं रेघ उजवीकडून डावीकडे ओढावी तर शून्य दुसऱ्या टोकाला आणि मधले आकडे हाताखाली झाकलेले. आठवीतली ती मुलगी पट्टीवर मोजताना मोठ्या आकड्यातून छोटा वजा करते. तिला वजाबाकी तोंडी का येते, त्याचं कारण मला तेव्हा कळलं.

दोन्ही हातांनी सारखंच करणारी माणसं शंभरात एखादं असेल, तीही बहुतेक कामागणिक बदलतात. मी फळ्यापुरती त्यांच्यात आले. तेवढंच.

खांदा पुढच्या वर्षी सुटायला लागला. भिंतीवरच्या पेन्सिलीच्या खुणा वर सरकत गेल्या, आणि एक दिवस वरच्या कोपऱ्यातला दिनांक उजव्या हातानं लिहिला गेला. डॉक्टर म्हणाले, आता डाव्याला जरा विश्रांती द्या, काही जणांना एका खांद्यानंतर दुसऱ्याला होतं. म्हणून सगळा भार एकावर टाकत नाही. आकृती असेल तर उजवा, कारण लाकडी कंपास त्याच्या सवयीचा. सिद्धता असेल तर डावा, कारण मुलांना दिसते. आणि खिडकीकडच्या रांगेत गडबड चालू असेल तर विषय कुठलाही असो, डावाच. डाव्या हातानं लिहिताना अर्धं तोंड त्या रांगेकडे वळलेलं असतं. हे मुलांच्या अजून लक्षात आलेलं नाही.